आईची नौशिका

‘नौशिका’ या जपानी अ‍ॅनिमेशनपटाचा पडदा मिटला, तर आई म्हणाली, “ही तर नुसती सुरुवात!”

खरंच आहे. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा हा चित्रपट 1984 चा, त्यांचीच मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मात्र 1982 ते 1994. एकूण सात खंड. पडद्यावर आली ती साधारण पहिल्या दोनांतली गोष्ट.

म्हणून थेट तिसरा खंड उघडू नका, घोळ होतो. मांगातलं दोरोक साम्राज्य चित्रपटात नाहीच, आणि पुढचं सगळं युद्ध त्याच्याशीच आहे! पहिल्यापासून, उजवीकडून डावीकडे वाचा. जपानी आवृत्तीची शाई तपकिरी, चौकटी दाटीवाटीच्या. घाई केलीत तर चित्रांतल्या कीटकांचे बारकावे निसटतात.

तेव्हाच्या वाचकांनी शेवटासाठी बारा वर्षं वाट पाहिली. तुमच्या आईबाबांच्या कपाटात असं काय आहे?