नामिबियाची रोजनिशी : चाप एकाचा, काम दोघांचं

सोमवार, रात्री

नवराबायको जोडीनं शिकारीला निघाले की महिनाभर बोलणं बंदुकीचंच चालतं. कुठल्या बोअरची घ्यायची, स्कोप कुठला, काडतुसं किती. आमच्या मते आधी ठरवायची गोष्ट वेगळीच आहे. एकाचं बोट चापावर असताना दुसऱ्यानं काय करायचं? हे न ठरवता आलेली जोडपी रानात एकमेकांच्या पायात येतात आणि त्याची किंमत जनावर मोजतं.

नामिबियात ट्रॉफीच्या, म्हणजे शिंगं-कातडं आठवण म्हणून ठेवण्याच्या, शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो. जून-जुलै सगळ्यात बरे. गवत वाळलेलं, झुडपांची पानं गळलेली, नजर लांबवर जाते. राजधानी विंडहुकच्या आसपासचा मुलूख समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. पहाटे पारा शून्याला टेकतो, दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होतो.

परवाना पर्यावरण खात्याचा आणि प्रत्येक शिकाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा. ज्याच्या रानात शिकार करायची तो फार्मवाला तो आधीच काढून ठेवतो. जोडप्यांनी इथे जपायला हवं. कुडू, म्हणजे वेढ्यावेढ्यांच्या शिंगांचं इथलं मोठं कुरंग, बायकोच्या परवान्यावर असेल तर चाप तिनंच ओढायचा. ‘तुझा नेम चांगला, तूच मार’ हे घरगुती औदार्य कायद्यात बसत नाही. नोंदणी झालेल्या मार्गदर्शकाशिवाय शिकार करता येत नाही आणि एका मार्गदर्शकाबरोबर एका वेळी दोनच शिकारी चालतात. या मार्गदर्शकाला इथे सगळे पीएच म्हणतात. दोघांत एक पीएच घेतला तर माणशी खर्च कमी येतो. प्रत्येकी एक घेतला तर दोघं दिवसभर वेगवेगळ्या दिशांना. आम्ही दोघांत एकच घ्या असं सांगू. सोबत यायचं आणि सोबत चालायचं नाही, यात काय हशील?

स्वतःची रायफल आणणाऱ्यांना विंडहुकच्या होसेआ कुटाको विमानतळावरच पोलिसांच्या खिडकीवर तात्पुरता परवाना मिळतो. फार्मचं निमंत्रणपत्र हाताशी ठेवावं. पिस्तूल आणि स्वयंचलित हत्यारं शिकारीसाठी चालत नाहीत. विमानात काडतुसं माणशी ५ किलोपर्यंतच, आणि दोघांचा कोटा एका पेटीत एकत्र करता येत नाही. पेट्या दोन लागतात. भारतातून येणाऱ्यांनी फार्मवरची रायफल भाड्यानं घ्यावी, कागदपत्रांचा मोठा व्याप वाचतो.

मंगळवार, दुपार

आजची नोंद रेंजची. फार्मवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे १०० मीटरवर कागदी निशाण लावून बार काढणं. प्रवासात स्कोप हलतो, भाड्याची रायफल तर अनोळखीच. तीन गोळ्या चार-पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात पडल्या पाहिजेत आणि हे वर्तुळ मध्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर असावं. मग १८०-२०० मीटरपर्यंत वर-खाली हिशोब करत बसावं लागत नाही.

नामिबियाचा कायदा गोळीची ताकद ज्यूलमध्ये मोजतो. स्प्रिंगबॉकसारख्या लहान कुरंगाला निदान १३५०, कुडू-गेम्सबॉक-हार्टबीस्ट अशा मोठ्या कुरंगांना २७००, रानम्हशी आणि हत्तीला ५४००. पॉइंट २४३ काडतुसाची १०० ग्रेन वजनाची गोळी साधारण २६५० च्या घरात जाते, म्हणजे कुडूसाठी थोडक्यात कमी. सेव्हन एमएम-झिरो एट ३३०० च्या आसपास, पॉइंट ३०८ साधारण ३७००, थर्टी-ओ-सिक्स ३९०० च्या पुढे. दोघांसाठी एकच रायफल घ्यायची तर सेव्हन एमएम-झिरो एट किंवा पॉइंट ३०८ घ्या आणि नळीला सप्रेसर लावा. धक्का कमी बसतो, कान वाचतात. धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि गोळी खाली-डावीकडे जाते. जास्त ताकदीच्या बंदुकीनं जनावरं जास्त जखमी होतात ती याच कारणानं.

एका रायफलवर दोन माणसं म्हटली की खरी अडचण दस्त्याच्या लांबीची. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर उंच माणसाला ३५ सेंटिमीटर सोयीचं, बुटक्याला ३२-३३. लांब दस्ता आखूड हाताच्या माणसाला दिला तर तो मान पुढे काढतो, डोळा स्कोपला भिडतो आणि बार निघताच भुवई फुटते. डोळा आणि काच यांत आठ-दहा सेंटिमीटर मोकळे हवेतच. म्हणून रायफल आखूड हाताच्या मापाची घ्यावी आणि लांब हाताच्या माणसानं आपल्या पाळीला दस्त्यावर दोन सेंटिमीटर जाडीची रबरी टोपी चढवावी. स्कोप पुढे-मागे सरकवायच्या फंदात पडू नये, नेम बदलतो. डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची मागची कडी मात्र प्रत्येकाची वेगळी. तिच्यावर दोन रंगांच्या चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवाव्यात.

इतकं झालं की बाकावरून उठायचं आणि काठ्यांवर सराव करायचा. रानात बाक नसतो. तीन पायांच्या काठीवर उभ्यानं नेम धरायचा असतो. उजव्या कोपराखाली काही नसतं म्हणून नळी डुलते. जोडीदारानं त्या बाजूला किंचित मागे उभं राहून आपला खांदा कोपराखाली द्यावा, कानांत बोळे घालून आणि श्वास रोखून. डुलणं निम्म्यानं कमी होतं. दुसऱ्या माणसाचं पहिलं काम ते हेच.

बुधवार, संध्याकाळ

नामिबियात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते. जूनच्या शेवटी इथे सूर्य साडेसातला उगवतो आणि सव्वासहाला मावळतो, त्यामुळे सहाला उठूनही चहा निवांत होतो.

चालायचा क्रम ठरलेला: पुढे माग काढणारा, मग पीएच, मग ज्याची पाळी तो, शेवटी जोडीदार. नळी जमिनीकडे किंवा आभाळाकडे, चेंबर रिकामा. काडतूस आत सारायचं ते काठ्या उभ्या राहिल्यावर आणि पीएचनं सांगितल्यावर. पाळी कोणाची हे सकाळी निघतानाच ठरलेलं असावं. आम्हाला जातीवारी पाळी आवडते: कुडू एकाचा, गेम्सबॉक दुसऱ्याचा. दिवसाआड ठरवलं की एकाच्या दिवशी नुसतं धूळ खात फिरणं आणि दुसऱ्याच्या दिवशी पाणवठ्यावर कळप, असं होतं आणि मग रुसवेफुगवे.

जनावराला आपला वास जाऊ नये म्हणून वारा तपासायला लहान बाटलीत बारीक राख ठेवतात. दाबली की धुराची रेघ उठते. पहाटेचा गार वारा उतारावरून खाली येतो, ऊन तापलं की वर चढतो. मधल्या तासाभरात तो फिरत राहतो. त्या वेळात दाट झुडपात शिरण्यात अर्थ नाही, टेकडीवर बसून दुर्बिणीनं रान पाहावं. झुडपं बहुतेक स्वार्टहाकची, बोरीसारखे उलटे वळलेले काटे. नायलॉनचं जाकीट त्यावर घासलं की शंभर मीटरवर ऐकू जातं. जाड सुती कपडे, मळकट हिरवे किंवा मातकट. लष्करी छापाचे नकोत.

कुडूचा नर झुडपात उभा असतो तेव्हा दिसतो तो कानाचा तुकडा, नाहीतर शिंगाचा एक वेढा. दोन-अडीच वेढे झालेले आणि टोकं बाहेर वळलेली असतील तर वयात आलेला. टोकं अजून आत किंवा पुढे रोखलेली असतील तर तरणा, त्याला सोडायचं. गेम्सबॉकमध्ये नर-मादी दोघांनाही शिंगं. मादीची लांब आणि बारीक, नराची आखूड पण बुडाशी जाड. कळपात सगळी एकसारखी दिसतात. पीएच सांगतो, ‘डावीकडून तिसरा’, आणि तेवढ्यात कळप हलतो. अशा वेळी जोडीदारानं तोंड मिटून दुर्बीण त्या एकाच जनावरावर ठेवायची. नेम धरणाऱ्याच्या कानात आवाज एकच असावा, पीएचचा. मागून मराठीत ‘तो नाही, पलीकडचा’ सुरू झालं की चुकीचं जनावर पडतं, नाहीतर पिल्लाची आई पडते.

गुरुवार, दुपारपासून रात्रीपर्यंत

आजची नोंद लांबेल.

युरोप-अमेरिकेत शिकलेले शिकारी खांद्याच्या मागे नेम धरतात. इथल्या कुरंगांत हृदय खाली आणि पुढे, दोन्ही पायांच्या मध्ये असतं. खांद्याच्या मागे मारलेली गोळी फुप्फुसाच्या शेवटाला लागते किंवा सरळ पोटात जाते. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मधोमध सरळ वर यायचं आणि छातीच्या खालच्या रेषेपासून एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. तिथे लागली की वर्मी लागली. गेम्सबॉक आणि वाइल्डबीस्ट यांचे खांदे उंच, त्यामुळे डोळा फसतो आणि नेम वर जातो. मणक्याच्या वरच्या काट्यांना गोळी घासली की जनावर जागच्या जागी कोसळतं, चारही पाय वर. सगळे आनंदानं मिठ्या मारतात आणि अर्ध्या मिनिटात ते उठून पळतं. इतक्या झटकन पडलेल्या जनावरावर विश्वास ठेवायचा नाही. बोल्ट ओढून दुसरं काडतूस आत आणि स्कोप जनावरावर, पीएच ‘पुरे’ म्हणेपर्यंत.

बार काढणाऱ्याला गोळी लागतानाचं काहीच दिसत नाही. धक्क्यानं नळी उचलली जाते आणि तो क्षण निसटतो. तो पाहायचा असतो दुसऱ्यानं. मागचे पाय झाडून, मान खाली घालून सुसाट धावलं तर बहुधा हृदय-फुप्फुस. पाठीला कुबड काढून सावकाश निघालं तर पोट. पाय लोंबकळत असेल तर हाड मोडलं. जोडीदारानं दोन जागा मनात पक्क्या करायच्या: गोळी लागली तेव्हा ते कुठल्या झुडपापाशी होतं आणि शेवटचं कुठे दिसलं. मग काठ्या उभ्या आहेत तिथेच पाय रोवून थांबायचं. दीडशे मीटर चालत गेल्यावर सगळी झुडपं सारखी दिसायला लागतात. काठ्यांपाशी थांबलेला माणूस हातवारे करून पीएचला बरोबर त्या जागेवर नेतो. सगळेच धावत गेले की खूण हरवते आणि रक्तही पायदळी तुडवलं जातं.

रक्ताचा रंग बोलतो. फिकट लाल, फेसाळ असेल तर फुप्फुस. जनावर फार लांब गेलेलं नसतं. काळपट, घट्ट असेल तर यकृत, तेव्हा निदान अर्धा तास थांबावं. हिरवट, चघळलेल्या गवताचा वास असेल तर पोट, आणि मग काही तास धीर धरण्याला पर्याय नाही. लगेच मागे लागलं की ते उठून किलोमीटरच्या किलोमीटर जातं. बसू दिलं तर पहिल्याच सावलीत बसतं. पुष्कळ फार्मवर यासाठी लहानखुरे टेरियर कुत्रे ठेवलेले असतात. माणसाला दगडावर सापडणार नाही तो माग कुत्रा नाकानं काढतो.

जखमी गेम्सबॉकजवळ समोरून कधीच जाऊ नये. शिंगं मीटरभर, भाल्यासारखी सरळ, आणि बसल्या बसल्याही तो ती चालवतो. पाठीमागून जायचं, लांब काटकीनं डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली तर अजून जीव आहे, आणखी एक गोळी घालावी आणि त्यात कंजूषपणा करू नये.

जनावर गतप्राण झाल्यावर इथे त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. ही जर्मनांची रीत, १८८४ ते १९१५ या काळात इथे त्यांचं राज्य होतं तेव्हापासून रुजलेली. आम्हाला ती फार मोलाची वाटते. तेवढा वेळ कोणी बोलत नाही, फोटोही काढत नाही.

शुक्रवार, सोलणीच्या शेडमध्ये

फोटो लवकर उरकावा. रक्त पुसून, जीभ आत घालून, सूर्य पाठीशी घेऊन, कॅमेरा जमिनीलगत. रायफलचा बोल्ट उघडा ठेवावा. जनावराच्या अंगावर बसू नये.

भिंतीवर खांद्यापर्यंतचं डोकं लावायचं असेल तर सोलणाऱ्याला आधीच सांगावं. गळा चिरायचा नाही आणि कातडं खांद्याच्या बरंच मागे गोल कापायचं. कापलेलं वाढवता येत नाही. मग कानातली कूर्चा मोकळी करून कान उलटा, ओठ आतून फाडून सपाट, आणि बारीक मीठ सढळ हातानं चोळायचं, घडीच्या कोपऱ्याकोपऱ्यात. एक दिवस पाणी निथळू द्यावं, ओलं मीठ झटकून पुन्हा कोरडं लावावं, सावलीत वाळवावं. उन्हात किंवा बक्कीच्या, म्हणजे मागे उघड्या हौद्याच्या गाडीच्या, तापलेल्या पत्र्यावर तासन्‌तास पडलेल्या कातड्याचे केस महिन्यांनी मुठीमुठीनं सुटतात, आणि तेव्हा कोणाचाच इलाज चालत नाही.

कुडूबाबत एक सावधगिरी. नामिबियातल्या कुडूंमध्ये रेबीजची मोठी साथ १९७७ पासून पसरली आणि २००२ पासून पुन्हा. माणसाला न घाबरता जवळ येणारा, लाळ गाळणारा कुडू दिसला तर हात लावायचा नाही, फार्मवाल्याला कळवायचं. धडधाकट दिसणाऱ्याच्याही तोंडात हातमोज्याशिवाय हात घालू नये.

मांस फार्मचं. त्यातलं थोडं स्वयंपाकघरात येतं, पुष्कळसं मजुरांच्या घरी आणि विक्रीला जातं. बिल्टाँगसाठी, म्हणजे इथल्या मसालेदार सुक्या मांसासाठी, मांडीचं मांस दोरे धरून अडीच सेंटिमीटर जाड पट्ट्यांत कापतात. किलोला २०-२५ ग्रॅम जाडं मीठ, थोडं व्हिनेगर, मिरी आणि भरपूर धने. धने कोरडे भाजून जाडसरच कुटायचे, पूड केली तर पट्टीवर चिखल होतो. रात्रभर मुरवून हवेशीर सावलीत चार ते सात दिवस टांगावं. पट्टी जाड झाली तर वर कवच आणि आत कच्चं, हवा दमट असेल तर बुरशी.

शनिवार, हिशोब

खर्च दोन भागांत: दिवसाचं शुल्क आणि जनावरामागचं शुल्क. बंदूक न चालवणाऱ्या सोबत्याला दिवसाचा दर कमी लागतो. रक्ताचा थेंब सापडला आणि जनावर हरवलं तरी पैसे पूर्ण द्यावे लागतात. हा नियम आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. ते जनावर आपल्या नावावर पडलंच, आता त्या जातीचं दुसरं मागू नये.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा घातला, आणि इथे १९७५ च्या अध्यादेशानं कुंपणातल्या जनावरांवर शेतकऱ्याला हक्क दिला. गुरांच्या चाऱ्यात वाटेकरी म्हणून ज्याचा राग येई तो कुडू सांभाळण्याजोगा झाला. सामाईक जमिनीवरच्या गावांना असाच हक्क १९९६ मध्ये मिळाला आणि पहिल्या चार संवर्धन संस्था १९९८ मध्ये झाल्या. आपल्याकडे हे लागू पडेल असं आम्ही म्हणणार नाही. आपली माणसांची दाटी निराळी, रानं निराळी. पण इथल्या शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय इथल्या शिकारीला नावं ठेवू नयेत.

बक्षिसी पाकिटांत वेगवेगळी द्यावी: पीएच, माग काढणारा, सोलणारे, स्वयंपाकघर, खोल्या झाडणाऱ्या बाया. एकच पाकीट दिलं तर शेवटच्यांपर्यंत पोचेलच असं नाही. आणि निघण्याआधी परवान्यावरच्या नोंदी दोघांनी आपापल्या वाचून घ्याव्यात. कोणतं जनावर कोणाच्या नावावर लिहिलंय, तारीख बरोबर आहे का, सही झाली का. कातडी आणि शिंगं पुढे टॅक्सीडर्मीवाल्याकडे, म्हणजे पेंढा भरून डोकी तयार करणाऱ्याकडे, जातात ती याच कागदाच्या जोरावर.