शिसं, लिंबू आणि दोन रिपोर्ट

पोटात अधूनमधून पिळवटून यायचं, शौचाला खडा व्हायचा. वर्षभर इसबगोल आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढलं. मग हिमोग्लोबिन ९ वर आलं, आणि रक्त तपासताना तांबड्या पेशींवर निळसर ठिपके दिसले. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काम काय करता?"

माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाच्या प्लेटा मागच्या शेडमध्ये कढईत वितळवायचो, तोंडाला नुसता रुमाल. रक्तात शिसं निघालं डेसिलिटरला ६२ मायक्रोग्रॅम.

त्या रात्री मोबाईलवर वाचलं, सी आणि ई जीवनसत्त्वं शिशापासून वाचवतात. सकाळीच व्हिटॅमिन सीची बाटली आणली, दिवसाला चार-चार गोळ्या चघळायला लागलो. कढई मात्र चालूच. अजून आठवलं की जीव कळवळतो.

मॅडमनी शांतपणे समजावलं. पेशींना जपणारं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य पेशींमध्येच असतं; शिसं त्याला चिकटतं, आणि हे द्रव्य कमी पडलं की पेशींची नासधूस वाढते. सी आणि ई ती नासधूस थोपवायला मदत करतात, उंदरांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय. पण हाडांत जाऊन बसलेलं शिसं त्या गोळ्या उपसून काढत नाहीत. उलट सीचा मारा केला तर मुतखड्याची भीती. "आधी कढई बंद," त्या म्हणाल्या.

शिसं लघवीवाटे काढणाऱ्या डी-पेनिसिलामाइनच्या कॅप्सूल सुरू झाल्या. पहिल्या कोर्सनंतर आकडा ३० वर आला, तीन आठवड्यांनी पुन्हा ४१! मी घाबरलो. हाडांतलं शिसं परत रक्तात उतरतं, हे तेव्हा कळलं. मग दुसरा कोर्स.

मॅडमचा खरा भर ताटावर होता. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं. म्हणून नाचणीची भाकरी, दूध, मटकीची उसळ आणि तिच्यावर लिंबू, कारण सीमुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. गोळ्यांपेक्षा हे लिंबू मला जास्त मोलाचं वाटतं.

सगळ्यात जड गेला तो तीन वर्षांच्या लेकीचा रिपोर्ट. ११. दुकानातून आलो की ती धावत येऊन शर्टाला बिलगायची. एवढ्या आकड्याला औषध देत नाहीत. घरात शिसं येणं थांबवायचं आणि नीट जेवू घालायचं, एवढंच.

आता जुन्या बॅटऱ्या न फोडता डीलरकडे परत जातात. दुकानातच आंघोळ करून, कपडे बदलून घरी येतो. माझा आकडा १९, तिचा ६. पुढची तपासणी दिवाळीनंतर.