फडातली वही

मी पुण्यातल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत साखर खरेदी बघते. पुरवठादार तपासणीच्या आमच्या फॉर्ममध्ये बॉयलरपासून कामगारांच्या पीएफपर्यंत सगळं होतं. ऊस तोडतं कोण, हा प्रश्नच नव्हता.

गेल्या जानेवारीत कारखान्याचं गेट सोडून थेट उसाच्या फडात गेले. बीडहून आलेलं जोडपं मोळ्या बांधत होतं. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता'. मजूर आणणारा कंत्राटदार म्हणजे मुकादम, आणि हंगामाआधी त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल'. बाई म्हणाली, "ताई, लाखाची उचल घेतली व्हती. पोर आजारी पडलं, खाडे झाले, दंड लागला. चाळीस हजार अंगावर राह्यले. आता पुढल्या साली बी ह्योच मुकादम." तिने अंगठा दिलेली वही मुकादमाकडे, तिच्याकडे कागदाचा चिटोराही नाही.

उचल घेऊन पायात बेडी पडत असेल, तर ती वेठबिगारीच. 1976 च्या कायद्याने ती बंद केली आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं म्हणजे सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानेही 1982 मध्ये सांगितलं. "तोडणी कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे," हे कारखान्याचं उत्तर मला पटत नाही. मग साखर तरी कुणाची?

नव्या करारासाठी मी तीन अटी मांडल्या आहेत: हिशेबाची प्रत मजुराच्या हातात, बाईची मजुरी तिच्याच खात्यात, खाड्याचा दंड बंद. तिसरीवर अजून भांडण चालू आहे. मी ती सोडणार नाही.