३६ रवे गूळ, फोंडा घाट आणि एक पट्टा

दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघाले की आमच्या घरात पिकअपची आठवण सगळ्यांना एकदम होते. एरवी वर्षभर खत, पेंड आणि लग्नाच्या खुर्च्या वाहणारी ही गाडी. २००९ चं मॉडेल, जुनं डीआय इंजिन, मेकॅनिकल पंप. डिसेंबरात मामा आणि मी तिच्यातून कोल्हापूरहून मालवणला गूळ नेला, येताना नारळ आणले. तीन दिवस लागले. घाट एकदा उतरलो, एकदा चढलो, आणि दोन्ही वेळा गाडी बंद पडली. जुनी गाडी घेऊन त्या रस्त्यानं कुणी जाणार असेल तर आमचं काय चुकलं ते आधी ऐकून घ्या.

तयारी आम्ही केली नव्हती असं नाही. दोन दिवस गाडी उद्यमनगरात, कोल्हापुरातल्या गॅरेजांच्या भागात, उभी होती. ब्रेक ऑइल काढलं तर काळ्या चहासारखं निघालं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी शिरलं की लवकर उकळतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओलं झालं की १४० ला उकळायची भीती. सपाटीवर हा फरक कळत नाही. घाटात ड्रम तापले की पायाखालचं पेडल स्पंजासारखं होतं, तेव्हा कळतं. डिझेल फिल्टर बदलला, टॅपेट सेट केले, मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, यू-बोल्ट आवळले. एक पाटा सेंटर बोल्टपाशी चिरलेला निघाला, तोही बदलला.

रेडिएटर मात्र मिस्त्रींनी दाखवला म्हणून दिसला. गळीत हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर पाचटाचा भुसा उडत असतो. तो रेडिएटरच्या जाळीत बसतो, त्यावर धूळ, त्यावर पावसाळ्यातला वाळलेला चिखल. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. मिस्त्रींनी मागून टॉर्च धरला तर अर्ध्या भागातून उजेडच येईना. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं बाहेर जाते. पुढून जोरात मारलं तर आणखी आत ठासते आणि फिन्स वाकतात. बादलीभर भुसा निघाला.

आणि पट्टा? फॅन बेल्ट बघितला, "बरा हाय की" म्हणून सोडून दिला. एक नवा विकत घेऊन सीटमागं टाकला. इथंच माशी शिंकली, पण ते पुढं.

काट्यावर वजन केलं. ३० किलोचे ३६ रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, एकूण १०८० किलो. मामा चाळीस घ्यायच्या विचारात होते, व्यापाऱ्याचाही तसाच आग्रह होता. मी नको म्हटलं. कागदावर गाडी जेवढं ओढते तेवढं सोळाव्या वर्षी ओढायला लावू नये, असं माझं मत. मामांचं मत वेगळं आहे, आणि ते अजून बदललेलं नाही.

कागदांचं एकदाच सांगतो. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढची असेल तर फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि बीएस ३, म्हणजे जुन्या प्रदूषण मानकाची, असेल तर पीयूसी दर सहा महिन्यांनी. आमचं पीयूसी निघायच्या आदल्या दिवशी संपत होतं. घरात हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

पहाटे चारला रंकाळ्यावरून निघालो. पुईखडी, हळदी, परिते. कारखाना सुरू असताना या पट्ट्यात अंधारात गाडी हाणू नका. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि उसाची टोकं रस्त्यावर बाहेर आलेली. आम्ही चाळीसच्या पुढं गेलो नाही. राधानगरीत चहा घेतला, तेव्हा अजून उजाडायचं होतं. शाहू महाराजांचं धरण अंधारातच मागं पडलं. मामा दरवेळी त्या आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यांची गोष्ट सांगतात, यावेळीही सांगितली.

दाजीपूरच्या जंगलात धुकं होतं. एका वळणावर तीन गवे उभे. हॉर्न वाजवायचा नाही, अप्पर, म्हणजे मोठा लाईट, मारायचा नाही, लांबच थांबायचं. डिपर बारीक केला, पाचेक मिनिटांत ते खाली उतरले. तेवढ्या वेळात गाडी एकाच जागी गडगडत होती आणि मला बॉनेटमधून चींऽऽ असा आवाज आला. हा आवाज आठवडाभर रोज सकाळी सेल्फ मारल्यावर यायचा, पाच-सात सेकंदांत बंद व्हायचा. आम्ही त्याला "म्हातारी जागी झाली" म्हणायचो.

घाट उतरायला लागलो. दुसरा गिअर, इंजिनाच्या ओढीवर गाडी, ब्रेक फक्त वळणाला. तिसऱ्या का चौथ्या वळणानंतर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, "मामा, चार्जिंग गेलं वाटतं." त्यांनी काही उत्तर न देता गिअर पहिल्यात टाकला, एकदाच दाबून ब्रेक धरला तो धरूनच ठेवला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन उभी केली.

"चार्जिंग न्हाई गेलं," ते म्हणाले, "ब्रेक गेला असता."

ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या गाडीत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, लागणारा व्हॅक्यूम बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या पाठीला लावलेल्या छोट्या पंपातून येतो. त्या काळच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत असंच आहे. डायनामो फिरवतो फॅन बेल्ट. पाण्याचा पंपही तोच फिरवतो. म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंग बंद, पाणी फिरायचं बंद आणि व्हॅक्यूम बंद, तिन्ही एकाच वेळी. दिवा मात्र फक्त बॅटरीचा लागतो, आणि माणूस म्हणतो, बॅटरी आहे की, खाली जाऊन बघू. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरता असतो. तो संपला की पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागत नाही असं नाही, पण दोन्ही पायांनी उभं राहून दाबावा लागतो. एक टनाचा माल आणि उतार असताना कुणी ब्रेक पंप करत बसला तर उरलासुरला व्हॅक्यूमही जातो. म्हणून मामांनी एकदाच दाबला आणि सोडला नाही.

तेव्हा घाटात बॅटरीचा दिवा लागला तर पहिली मोकळी जागा बघून थांबा. इंजिन लगेच बंद करा, कारण पाणी फिरत नाही आणि हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली ठोकळा लावा. आमच्याकडे बाभळीचे दोन ठोकळे असतात. वळणाच्या अलीकडे झाडाच्या फांद्या टाका, म्हणजे वरून येणाऱ्याला आधीच कळेल.

बॉनेट उघडलं. पट्ट्याचे दोन तुकडे, त्यातला एक फॅनच्या मागं अडकलेला. काही हरकत नाही, नवा आहे. सीटमागून काढला, डायनामोचा बोल्ट सैल केला, पूर्ण आत ढकलला, आणि पट्टा चढेना. दोन बोटं कमी पडत होता. दुकानदारानं मॉडेल विचारून दिला होता, आम्ही नंबर जुळवून बघितला नव्हता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तंबाखू काढली, ते जास्त वाईट होतं.

ओढणीचा किंवा नायलॉनच्या दोरीचा पट्टा करून गाडी गावापर्यंत नेल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. आम्हीही दोरी बांधून बघितली. गाठ पुलीवरून फिरताना उडते, दहा सेकंदसुद्धा टिकली नाही. वेळ घालवू नका. एक दुधाचा टेम्पो खाली चालला होता, त्यात बसून मी फोंड्याला गेलो. तुटलेल्या पट्ट्याचे दोन्ही तुकडे बरोबर नेले होते, कारण नंबर त्याच्या पाठीवर छापलेला असतो. दुकान नऊला उघडणार होतं. तोवर एका हॉटेलात चहा आणि भजी. परत वर यायला एसटी मिळाली, कंडक्टरनं वळणावर उतरवलं. पट्टा बसवायला दहा मिनिटं लागली. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबल्यावर बोटाच्या जाडीएवढा, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर, दबला पाहिजे. जास्त ताणला तर डायनामोचं बेअरिंग बोंबलतं.

आता आम्ही एक करतो. नवा पट्टा घेतला की तो गाडीला बसवायचा आणि उतरवलेला जुना, चांगल्या अवस्थेतला, पेटीत ठेवायचा. तो या गाडीला बसतो हे सिद्ध झालेलं असतं. आणि पट्टा बघायचा तो उलटा करून. पाठ कायम चांगलीच दिसते. आतल्या बाजूला आडव्या चिरा असतील किंवा कडा काचेसारख्या चकाकत असतील तर बदला.

कणकवली, कसाल, मालवण. या टप्प्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. गूळ उतरवला, ताडपत्रीमुळे धुक्याचा ओलावा लागला नव्हता, व्यापारी खूश. दुसऱ्या दिवशी नारळ भरले, सुरमई खाल्ली, मामांनी तिखट कमी आहे म्हणून नावं ठेवली.

तिसऱ्या दिवशी परतीचा चढ. कणकवलीत डिझेल पाव टाकी होतं. कोल्हापुरात जाऊन भरू म्हटलं, ही माझी चूक. घाट चढताना आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. त्यासाठी उपाय सोपा आहे: हीटर पूर्ण चालू करायचा, खिडक्या उघडायच्या, आणि तिसऱ्यात रडत चढण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळ्या इंजिनानं चढायचं. थांबावंच लागलं तर अशा वेळी लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू राहू द्या, पाणी फिरत राहतं. हे पट्टा तुटल्याच्या बरोबर उलट आहे, म्हणून आधी पट्टा बघा आणि मग ठरवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणाचा तरी हात भाजतो.

काटा खाली आला, आणि मग गाडी मिसिंग करायला लागली. धक्के, दम जाणं, आणि बंद. सेल्फ मारला, फिरतोय पण पकडत नाही. धूरही नाही. डिझेल पोचत असेल तर सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर थोडा तरी येतो. काहीच येत नसेल तर डिझेल वर येत नाही, नाहीतर पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या झडपेची, वायर निघालीय. वायर जागेवर होती. म्हणजे एअर, डिझेलच्या वाटेत हवा शिरलेली.

एअर काढायची पद्धत अशी. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू दोन आटे सैल करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार येत असतानाच स्क्रू आवळा. तरी चालू झाली नाही तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडचे दोन पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, तिथून डिझेल आलं की आवळा. तिथं बोट लावू नका. त्या पाइपातलं प्रेशर कातडीतून डिझेल आत घुसवतं.

चालू झाली. दोन किलोमीटर गेली. परत बंद.

आता मात्र मामा गाडीखाली शिरले. टाकीकडून येणारी रबरी नळी क्लिपच्या तोंडाशी केसाएवढी चिरली होती. ओलं कुठंच नव्हतं. पंपाच्या आधीच्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवाच आत ओढली जाते. म्हणून गळती शोधणाऱ्याला ती दिसतच नाही. त्यात टाकी पाव, गाडीचं तोंड वर, सगळं डिझेल मागं गेलेलं, आणि आमच्या टाकीत नळी पुढच्या बाजूला. दोन्ही कारणं मिळून घोटाळा झाला. चिरलेलं टोक दोन बोटं कापलं, नवी क्लिप लावली, कॅनमधलं पाच लिटर ओतलं. त्यानंतर कोल्हापूरपर्यंत एकदाही मिसिंग नाही. चढाला निघताना अर्ध्या टाकीच्या खाली निघू नका.

आमच्या पेटीत आता असतं ते असं: जुना पट्टा, हातभर डिझेलची नळी, पाच-सहा क्लिपा, तांब्याचे वॉशर, फ्यूज, दहा लिटर पाणी, ठोकळे, दोर. रेडिएटरची वरची नळीही घ्या, ती म्हातारी झाली की दाबल्यावर मऊ न लागता कुरकुरते. आणि व्हॅक्यूम पंपाला इंजिन ऑइल नेणारी बारीक नळी बघून घ्या. ती फुटली तर सगळं ऑइल रस्त्यावर जातं आणि इंजिन धरतं. आमची अजून फुटलेली नाही, पण बदलून टाकली.

परत आल्यावर गाडी उद्यमनगरात नेली. नवा पट्टा तीनच दिवसांत एका कडेनं झिजलेला होता. मिस्त्रींनी डायनामोवर हात ठेवून हलवला, तो डगमगला. ब्रॅकेटचं भोक वर्षानुवर्षं घासून अंडाकृती झालं होतं, त्यामुळे पुली तिरकी बसायची आणि पट्ट्याची कड खायची. म्हातारी रोज सकाळी का ओरडत होती ते कळलं. शेजारच्या लेथवाल्यानं भोक मोठं करून बुश ठोकून दिला, अर्ध्या तासाचं काम. तोवर मामांनी कुठूनतरी पांढरा ऑइलपेंट आणला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला ठसठशीत अक्षरात पट्ट्याचा नंबर लिहिला. त्याच्याखाली, मला न विचारताच, माझ्या मोबाइलचा.

"हे कशाला?"

"पट्टा चुकीचा आला तर कुणाला शिव्या घालायच्या ते कळाय पायजे."

पुढच्या आठवड्यात पुन्हा ३६ रवे आहेत. मामा चाळीस म्हणतायत.