जानेवारीच्या निकालानंतर: एप्रिलची जेईई द्यायची की नाही?

११ फेब्रुवारी २०२५ ला बारावी बोर्डाचा पहिला पेपर होता, इंग्रजीचा. जेईई मेन ही इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, ती जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांत होते. तिच्या जानेवारी सत्राचा निकालही त्याच दिवशी लागला. माझा स्कोअर ८८ पर्सेंटाइलच्या जरासा वर होता. एप्रिलच्या सत्राचा फॉर्म भरायची मुदत २५ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे पुन्हा बसायचं की नाही हे बोर्डाचे पेपर देता देताच ठरवायचं होतं.

८८ ऐकून नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे घरात सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. मला ३०० पैकी ऐंशीच्या घरात गुण होते. ८८ चा अर्थ इतकाच, की माझ्या शिफ्टला बसलेल्या दर शंभरातल्या ८८ जणांचे गुण माझ्याइतके किंवा माझ्याहून कमी होते. ते बरे की वाईट, हे आपल्याला कुठे जायचंय त्यावर ठरतं. आदल्या वर्षी, २०२४ ला, खुल्या प्रवर्गातून जेईई अ‍ॅडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, बसायला ९३.२३ पर्सेंटाइल लागले होते. एनआयटी म्हणजे जेईई मेनवर प्रवेश देणाऱ्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्था. त्यांतल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असल्या, तरी मला हवी ती शाखा ८८ वर मिळण्यासारखी नव्हती.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, "देऊन टाक, तुझं काय जातंय?" क्लासचे सर हेच म्हणाले, मामा हेच म्हणाला. नियम पाहिला तर त्यांचं चूक नव्हतं. दोन्ही सत्रांत बसलं की ज्याचा एकूण स्कोअर चांगला तोच रँकसाठी धरतात. एप्रिलचा पेपर बिघडला तरी जानेवारीचा स्कोअर कुणी काढून घेत नाही. फॉर्मची फी माझ्यासाठी ८०० रुपये होती. फक्त एक गोष्ट मैत्रिणींपैकी बऱ्याच जणींना माहीत नव्हती: जानेवारीची केमिस्ट्री आणि एप्रिलचं गणित अशी जुळवाजुळव करता येत नाही. एका सत्राचा स्कोअर जसाच्या तसा घ्यावा लागतो.

पण "काय जातंय" याचं उत्तर मला फीमध्ये शोधायचं नव्हतं. महिना-दीड महिन्याच्या अभ्यासाने माझा स्कोअर खरंच हलेल का, हे मला आधी बघायचं होतं. त्यासाठी परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दिलेली माझी उत्तरं आणि अंतिम उत्तरतालिका शेजारी ठेवून ७५ च्या ७५ प्रश्न पुन्हा सोडवले. प्रत्येक गेलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायची ठरवलं: येत होता पण गडबडीत चुकला, येत होता पण वेळ पुरला नाही, किंवा येतच नव्हता. तिसरी खूण करताना हात जड होतो. उत्तर वाचल्यावर सगळंच सोपं वाटायला लागतं आणि मन म्हणतं, हा तर येत होता. म्हणून मी उत्तर झाकूनच प्रश्न सोडवला. कोऱ्या कागदावर सुटला नाही, तर तो येत नव्हता असंच धरलं.

गडबडीत चुकलेले प्रश्न अगदी थोडे निघाले. वेळेअभावी राहिलेले त्याहून थोडे. बाकी सगळी तिसरी खूण, आणि ती विखुरलेलीही नव्हती. गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, रासायनिक समतोल, शांकव: सगळे अकरावीचे धडे. अकरावीत आमच्या कॉलेजात हा भाग घाईघाईत उरकला होता आणि मग बारावी सुरू झाली. त्यात २०२५ पासून संख्यात्मक प्रश्नांमधला पर्यायही गेला. आधी प्रत्येक विषयात दहांतले पाच निवडता यायचे, आता पाच दिले की पाचही सोडवायचे. न आलेला धडा बाजूला ठेवायची सोय राहिली नाही.

म्हणजे एप्रिलला स्कोअर वाढवायचा तर उजळणी पुरणार नव्हती. अकरावीची निम्मी फिजिक्स पहिल्यापासून शिकावी लागणार होती, तीही बोर्डाच्या दिवसांत. आणि बोर्डाचे मार्क जेईईपासून वेगळे काढता येत नाहीत. एनआयटीच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. जेईईच्या नादात बोर्डाला घसरले असते, तर वाढलेला स्कोअर हातात असूनही उपयोग नव्हता. जेईईसाठी बोर्ड सोडून द्या म्हणणारे हे सांगत नाहीत, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या बाजूला एमएचटी-सीईटी होती, राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची प्रवेश परीक्षा. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाची तारीख १९ एप्रिलपासून, आणि जेईईचे दिवस २ ते ८ एप्रिल, अगदी सीईटीच्या तयारीवर येणारे. सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बाकी ८० टक्के बारावी. निगेटिव्ह मार्किंग नाही. माझी बारावी पक्की होती. पण पेपरची चाल वेगळी आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, मग गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. जेईईत एका प्रश्नाशी झुंजायची सवय लागते. इथे ती घातक ठरते, आणि ती मोडायलाही दिवस लागतात. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बहुतेक जागा सीईटीवर भरतात. तेच तास तिकडे घातले तर माझ्यासाठी जास्त दारं उघडणार होती, हे कागदावर स्पष्ट दिसत होतं.

तरी ठरवणं सोपं गेलं नाही. दोन वर्षं मी स्वतःला जेईईवाली म्हणत आले होते. एका रात्री बाबांसमोर तो खुणांचा कागद ठेवला. त्यांनी एकच विचारलं, "समज, एप्रिलला ९१ झाले, तर तू कुठे अर्ज करशील?" मी विचार केला. ९१ वर मला हवी असलेली एकही जागा माझ्या यादीत नव्हती. माझ्या उपयोगाचा आकडा ९३ च्या बराच पुढे होता आणि तिथवर जायचा रस्ता त्या न आलेल्या धड्यांमधून जात होता. आईचं म्हणणं होतं, फॉर्म तरी भरून ठेव. मी नको म्हटलं. फॉर्म भरला असता तर मार्चभर रोज सकाळी पुन्हा हाच प्रश्न समोर आला असता. २५ तारीख तशीच जाऊ दिली.

माझ्या जवळच्या मैत्रिणीने नेमकं उलटं केलं आणि तिचंही बरोबरच होतं. तिचा स्कोअर माझ्यापेक्षा थोडाच जास्त होता, पण तिच्या कागदावर दुसरी खूण भरलेली होती. गणितात अडकून पडल्यामुळे फिजिक्सचे शेवटचे प्रश्न तिने उघडलेच नव्हते, आणि घरी तेच प्रश्न तिने माझ्यासमोर भराभर सोडवले. बोर्ड संपल्यावर ती फक्त वेळ लावून पूर्ण पेपर सोडवत राहिली. त्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्डला बसायची मर्यादा ९३.१० लागली. ती त्यापुढे गेली आणि १८ मे ला अ‍ॅडव्हान्स्डला बसली. तिचा निकाल ऐकून क्षणभर माझ्या मनात आलं, की आपणही बसायला हवं होतं का. पण तिचा कागद आणि माझा कागद सारखे नव्हते.

ड्रॉप घेण्याचा, म्हणजे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचाही विषय निघाला होता. बोर्ड आणि सीईटी व्हायच्या आधी त्यावर बोलायचंच नाही, असं मी घरात सांगून टाकलं.

बोर्ड नीट पार पडलं. एप्रिलचा पहिला आठवडा मी सीईटीचे मॉक, म्हणजे सराव पेपर, देत होते. पहिल्या काही मॉकमध्ये गणित वेळेत संपायचं नाही, पुढे संपायला लागलं. १६ जूनला सीईटीचा निकाल आला, ९७ पर्सेंटाइलच्या वर. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत यादीतलं खालचं कॉलेज लागलं. दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. कॉम्प्युटर हवं होतं, त्याला स्कोअर थोडा कमी पडला. घरी बसून बोललो आणि जागा पक्की केली.