परत चढता येईल अशी कयाक

कयाक घ्यायची ठरवली तेव्हा दुकानदारांपासून मित्रांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, सलग किती तास बसणार? मला बसायचं फारसं नव्हतंच. गोव्यात पेडण्याच्या किनाऱ्यावरून वल्हवत खडकांपर्यंत जायचं, नांगर टाकायचा, श्वास रोखून बुड्या मारायच्या, जमलं तर भाल्याने एखादा तांबोसा किंवा पालू काढायचा आणि दमल्यावर वर चढून परत यायचं, एवढंच डोक्यात होतं. म्हणजे या होडीतून मी सारखा उतरणार आणि सारखा चढणार. बाजारात मात्र ती विकली जाते बसायच्या सुखावर.

आत पाय घालून बसायची, वरून झाकलेली कयाक मी पहिल्याच फेरीत बाद केली. नदीत ती देखणी चालते. पण समुद्रात तिच्यातून बाहेर पडलात की आत पाणी भरतं, आणि तेवढं पाणी उपसून पुन्हा आत शिरणं एकट्या माणसाला फार अवघड जातं. वर बसायची, ज्याला सगळे ‘सिट-ऑन-टॉप’ म्हणतात ती, म्हणजे बंद पोकळ प्लास्टिकचा तराफाच. बसायच्या जागेत आरपार भोकं असतात, लाट अंगावर आली तरी पाणी त्यातून निघून जातं. ही जात बुडी मारणाऱ्यांच्या गरजेतूनच पुढे आली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मालिबूला टिम नीमियर या माणसाने अशा होड्या बनवायला सुरुवात केली आणि त्यांच्या मागच्या खळग्यात पाणबुड्यांचं सिलिंडर बसायचं. आज त्याच खळग्यात गळवाले बर्फाची पेटी ठेवतात.

जात ठरली, पण खरा घोळ पुढे होता. दुकानात ‘फिशिंग कयाक’ म्हणून जे दाखवतात ते गळ टाकून बसणाऱ्यांसाठी असतं. अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची उंच खुर्ची, दोन्ही कडांना गळाच्या काठ्या खोचायच्या नळ्या, मोबाइलचा स्टँड, कपाची खाच. दुकानाच्या फरशीवर त्या खुर्चीत बसलं की उठावंसं वाटत नाही. पण हेच पाण्यातून बघा. कडेवर छाती टेकून वर सरकायचं म्हटलं की नळी बरगडीत घुसते, पट्टा खुर्चीच्या सांगाड्यात अडकतो आणि वजन उंचावर असल्यामुळे होडी तुमच्याच अंगावर कलते. पायाने चालवायच्या पेडलवाल्या कयाकही पाहिल्या. हात मोकळे राहतात, वेगही चांगला. पण खाली लोंबणारी पाती आपल्या उथळ, खडकाळ किनाऱ्याला लावताना वर घ्यावी लागतात, बसायच्या जागेपुढे यंत्राचा खुंट उभा असतो, आणि किंमत ऐकून मी विषय बदलला.

मग मी दुकानं सोडली आणि पाण्यातच होड्या बघायला लागलो. पाळोळेला भाड्याने कयाक मिळतात. उत्तरेच्या टोकाला काणकोणचं छोटं बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं, त्याच्या आडोशाला पाणी शांत असतं. शिरदोणच्या बाजूला झुवारीच्या मुखातही सकाळी तसंच पाणी सापडतं. भाड्याची होडी घ्यायची, पाय टेकणार नाही इतक्या खोल पाण्यात जायचं, जाणूनबुजून उलटायची आणि परत चढायचं. भाडेवाल्या पोराने आधी विचित्र नजरेने पाहिलं, मग स्वतःच दुसरी होडी घेऊन शेजारी आला आणि कोणती सोपी जाते ते मोठ्याने सांगत बसला.

चढण्याची रीत म्हशीच्या पाठीवर चढण्यासारखी आहे: आधी पोटावर आडवं, मग पाय. पायातल्या फिन्स (पोहायचे लांब पंखे) काढायच्या नाहीत, त्यांचाच जोर लागतो. बुडीसाठी कमरेला बांधलेला शिशाचा पट्टा मात्र आधी सोडून होडीत टाकायचा. मग बसायच्या खळग्यासमोर येऊन पाय मागे पाण्याच्या पातळीला येईपर्यंत मारायचे. शरीर उभं लोंबकळत असेल तर होडी नुसती तुमच्याकडे ओढली जाते, वर काहीच सरकत नाही. शरीर आडवं झालं की जवळची कड खाली दाबत, पलीकडची पकडत, एका झटक्यात छाती वर घ्यायची. बेंबी खळग्यावर आली की क्षणभर थांबायचं. मग कुशीवर वळून बूड खळग्यात आणि शेवटी एकेक पाय आत. हे ताज्या अंगाने जमतंच. मी मुद्दाम बराच वेळ पोहून, बुड्या मारून, हात भरून आल्यावर करून पाहायचो. तेव्हा जी होडी घेते ती आपली.

या खटाटोपातून मापं आपोआप निघाली. दहा फुटांखालची होडी वळायला हलकी, पण समुद्रात सरळ चालत नाही. प्रत्येक वल्ह्याला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावी-उजवी झुलते. चौदा फुटांची झकास पळते, पण ती गाडीवर चढवायला दुसरा माणूस हवा आणि लाटेत किनाऱ्याला लावताना आडवी फिरली तर आवरत नाही. रुंदीचंही तसंच. चौतीस इंच रुंद होडीवर उभं राहून नाचलात तरी चालेल, पण दुपारी खारे वारे सुटले की ती पुढे सरकता सरकत नाही. अठ्ठावीस इंचांखाली गेलात तर रबराच्या जोरावर भाला सोडणारी बंदूक हातात घेऊन कुशीवर वळताना जीव मुठीत. मी बारा फुटांच्या आसपास लांबी आणि ३०-३१ इंच रुंदीवर थांबलो. केरीला रापणीची जाळी ओढणारे एक रापणकार आजोबा बराच वेळ ती न्याहाळत उभे होते. शेवटी म्हणाले, “ह्या होडीक उलांडी खंय?” उलांडी म्हणजे तोल सांभाळायला होडीच्या बाजूला बांधतात तो ओंडका. रुंदीच उलांडीचं काम करते असं सांगितलं, तर मान हलवून हसले. त्यांना पटलं नाही.

दोघांची कयाक घ्यावी असा मोह बरेच दिवस होता. श्वास रोखून बुडी मारताना एक खाली तर एक वर, हा नियम मोडायचा नसतो. वर येता येता, अगदी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ शुद्ध हरपू शकते, आणि त्या वेळी शेजारी बघणारा माणूस नसेल तर काहीच हातात राहत नाही. मग एकाच होडीत दोघं का नकोत? गणित मांडलं. मी आणि मित्र मिळून दीडशे किलोंच्या पुढे, शिशाचे पट्टे, पाणी, नांगर, बर्फ, फिन्स धरून आणखी वीस-पंचवीस. बनवणारे जो भार लिहितात त्याच्या दोन तृतीयांशापलीकडे जाऊ नये असं माझं मत, कारण त्यापुढे होडी एवढी बसते की त्याच भोकांतून पाणी वर येतं आणि तुम्ही टबात बसून वल्हवता. शिवाय एक होडी हातची गेली तर दोघंही पाण्यात. म्हणून माणशी एक होडी. नियम तोच राहतो, वरचा माणूस शेजारच्या होडीला धरून तरंगतो.

नवी परवडत होती तशी मिळेना, मिळत होती ती परवडेना, म्हणून वापरलेली घेतली. साध्या रोटोमोल्डेड, म्हणजे साचा फिरवून घडवलेल्या पॉलिथिलीनची, नारिंगी, सव्वीस-सत्तावीस किलोची, सांगाड्याची खुर्ची नसलेली. रंग नारिंगी किंवा पिवळाच हवा. निळी-हिरवी होडी फोटोत सुरेख दिसते आणि स्पीडबोटवाल्याला दिसत नाही. जुनी घेताना खरवडे बघून घाबरायचं कारण नाही, ते असणारच. बघायची ती भोकांच्या नळ्यांची आतली बाजू. तिथेच चिरा पडतात, विशेषतः भोकात खुंट्या घालून लावायची चाकगाडी वापरली असेल तर. मी मालकाच्या अंगणात होडीच्या पोटात तीन-चार बादल्या पाणी ओतायला लावलं आणि ती या कुशीवरून त्या कुशीवर लोळवली. कुठे घाम फुटतो का ते बोटाने चाचपलं. मालक जरा नाराज झाला, पण कोरडी निघाल्यावर भावही त्याने ताठपणे धरला.

घरी आणल्यावर पहिलं काम केलं ते काढून टाकण्याचं. कडेच्या नळ्या, कपाचं कडं, उंच उठलेले हुक, सगळे स्क्रू सोडवून भोकं रबराच्या बुचांनी बंद. मग मोजकं लावलं. वल्ह्याला दोरी. दोन्ही बाजूंना मधोमध पट्टीची सपाट मूठ, चढताना धरायला. मागे काठीवर पाणबुड्याचा झेंडा, लाल आणि त्यावर तिरपा पांढरा पट्टा. आपल्याकडे सगळे बोटवाले तो ओळखतील या भरवशावर मी राहत नाही, पण काठीमुळे होडी लांबून दिसते हे खरं.

नांगर दीड किलोचा, चार पात्यांचा, घडीचा. दोरी खोलीच्या तिप्पट तरी. होडीला तो नाळेला किंवा मागच्या टोकाला बांधायचा, कडेला कधीच नाही. ओढीत कड खाली ओढली जाते आणि होडी उलटते. खडकात अडकलेला नांगर ही इथली रोजची कटकट, त्यावर उपाय छान आहे. दोरी नांगराच्या खालच्या टोकाला पक्की बांधायची आणि वरच्या कडीला फक्त प्लास्टिकच्या झिप-टायने धरायची. अडकला की जोरात ओढा, टाय तुटते, नांगर उलटा होऊन सुटतो. तरी नांगर टाकायचा तो वाळूत. प्रवाळावर नाही. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे. महाकाय गोबरा मासाही त्याच वर्षी त्या यादीत आला, म्हणून कपारीत दांडगा गोबरा दिसला तर आम्ही बघून येतो.

भरलेली बंदूक होडीवर कधीच नाही. रबर पाण्यात उतरल्यावर ताणायचं आणि चढायच्या आधी पाण्यातच उतरवायचं. टोकावर बुचाचा तुकडा, टोक नाळेकडे, आणि बंदूक चढायच्या विरुद्ध बाजूला. हवा भरून फुगवायच्या कयाकचा विषय मी याच कारणाने कधी काढला नाही.

मित्र सिलिंडर लावूनही उतरतो, तेव्हा भाला घरी. सिलिंडर लावून मासे मारणं अनेक देशांत बंद आहे आणि मलाही ते पटत नाही. भरलेलं सिलिंडर १६-१७ किलोंचं. ते होडीत बसून अंगावर चढवायला गेलात तर आडवे व्हाल. सिलिंडर ज्याला बांधलेलं असतं त्या जाकिटात हवा भरायची, दोरीने होडीला बांधायचं, पाण्यात ढकलायचं आणि पाण्यातच अंगात घालायचं. परतताना क्रम उलटा: पट्टा वर, सिलिंडर दोरीला, मग आपण, मग सिलिंडर ओढून मागच्या खळग्यात. खळग्याला लवचिक दोऱ्या हव्याच.

ही होडी घेऊन ग्रांदे बेटावर जाऊ का असं मला बरेच जण विचारतात. नाही. पाणबुडे तिथे बोटीने जातात ते योग्यच आहे. मध्ये मुरगावच्या बंदराची जहाजं ये-जा करतात, शेजारी नौदलाचा भाग आहे. आम्ही डोंगराच्या सोंडांच्या आडोशाला, किनारा दिसेल तिथेच राहतो. मतलई वारा असताना पहाटे निघायचं, खारा वारा जोर धरायच्या आत वाळूवर. आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघतो. उधाणाचा इशारा असेल तर चर्चा नको. पावसानंतर लगेच जाण्यातही अर्थ नसतो, नद्यांचा गाळ बसून पाणी नितळायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. मोरजी, आगोंद, गालजीबाग ही कासवांच्या अंड्यांची ठिकाणं, त्या वाळूवर हंगामात होडी ओढत नेत नाही.

जूनमध्ये होडी पडवीत जाते. दोन रुंद पट्ट्यांवर पालथी, उन्हाची तिरीप येणार नाही अशी. तापलेलं प्लास्टिक एका बिंदूवर टेकलं की तिथे खड्डा पडतो. पोटाचं बूच काढून ठेवायचं आणि झाकणंही उघडी, नाहीतर आतल्या दमटपणाने झाकणाच्या रबराला बुरशी धरते.