कमरेवरची ती खळी

मुलगा जन्मला तेव्हाच त्याच्या कमरेवर, मणक्याच्या अगदी मध्यावर, टाचणी टोचल्यासारखं बारीक भोक होतं. भोवती लालसर डाग, चारदोन काळे केस. सासूबाई म्हणाल्या, जन्मखूण आहे. प्रसूतिगृहातही ‘अशा खळ्या पुष्कळ बाळांना असतात’ म्हणून विषय संपला. असतातही. पण त्या माकडहाडापाशी, ढुंगणाच्या फटीत, उथळ, तळ दिसणाऱ्या. याची गुदद्वारापासून २.५ सेंटिमीटरच्या बरीच वर होती आणि तिला तळ दिसत नव्हता. हा फरक मला सात महिन्यांनी कळला. पहिले तीनेक महिने मणक्याची हाडं मऊ असतात, तेव्हा साध्या सोनोग्राफीतही आतलं दिसतं. ते महिने आमच्या हातून गेले, याचं दुःख अजून आहे.

आधी बोलल्या त्या मालिशवाल्या मावशी. “ताई, इथून चिकट पाणी येतंय.” मला वाटलं, तेल साचलं असेल. कापसाने पुसत राहिले.

मग ताप आला. दात येतायत, म्हणाले सगळे. औषधाने उतरायचा, पुन्हा चढायचा. दुपटं बदलताना पाय उचलले की तो किंचाळायचा. चौथ्या दिवशी उजवा पाय हलेना, ओटीपोट टणक झालं आणि शू थेंब थेंब येऊ लागली.

दुसऱ्या हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला आधी पालथं घातलं. खळी पाहून त्या गप्पच झाल्या. तपासणीसाठी पाठीतून पाणी काढायची घाई त्यांनी केली नाही. आत पू असेल आणि सुई त्यातून गेली तर जंतू आणखी आत जातील, म्हणाल्या. एमआरआय ठरला. भूल द्यायची म्हणून चार तास अंगावरचं दूध बंद. तो पदर ओढत रडत होता. ते चार तास ऑपरेशनपेक्षा जड गेले मला.

न्यूरोसर्जननी कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा आणि मज्जारज्जू एकाच थरातून घडतात, मग सुटे होतात. याचे एका जागी सुटलेच नाहीत. तिथे त्वचेची बारीक नळी आतपर्यंत राहिली: डर्मल सायनस. त्या वाटेने जंतू शिरून मज्जारज्जूपाशी पू झाला होता. मी विचारलं, ग्रहणात भाजी चिरली होती, त्याने का? ते म्हणाले, “नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाही.” घरात हे मला कुणीच म्हटलं नव्हतं.

ऑपरेशनमध्ये पू काढला, नळी टोकापर्यंत काढली, आतली एक छोटी डर्मॉइड गाठही (आत अडकलेल्या त्वचेच्या पेशींची). पुवात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला. पुढे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. एकोणिसाव्या दिवशी तेल लावताना उजव्या पायाचा अंगठा हलला. मी नर्सना हाक मारली, तर त्यांनी तळव्याला गुदगुल्या करून पुन्हा हलवून दाखवला.

आता तो दोन वर्षांचा आहे. उजव्या पायात आधाराचा स्प्लिंट घालून चालतो. वाढत्या वयात मज्जारज्जू ताणला तर जात नाही ना, हे पाहायला दर सहा महिन्यांनी तपासणी असते. लघवी अजून पूर्ण होत नाही, म्हणून ठरावीक वेळी नळी घालून काढावी लागते. हॉस्पिटलातल्या नर्सनी आम्हा दोघांनाही ते शिकवलं. झोपण्याआधीची नळी नवरा घालतो, पहाटेची मी.